हुंदरे उस्तादांच्या पंधरा रेघा

माझं शेवटचं पोस्टिंग बेंगळुरूचं. इथूनच सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. गाव निपाणीजवळ. शेत भाऊ बघतो. शिवाजीनगरच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहतो आणि मी एका शाळेच्या बसगाड्यांची देखभाल करतो. बावीस बस. पहिली पहाटे पाच पन्नासला बाहेर पडते. सैन्यात चोवीस वर्षं मी व्हेईकल मेकॅनिक होतो. बंदूक चालवली, पण पाना जास्त चालवला. लोक विचारतात, सीमेवर काय केलंत. मी सांगतो, गाड्या बंद पडू दिल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडतो. मला त्यात काही कमी वाटत नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका बुधवारी, संध्याकाळी सात वाजता, प्रतीक्षाचा फोन आला. प्रतीक्षा म्हणजे हवालदार शंकर हुंदरे यांची मुलगी. हुंदरे खानापूर तालुक्यातले, माझ्याच युनिटमध्ये मला सीनियर. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. तेरा वर्षांपूर्वी सीमेकडच्या डोंगरी रस्त्यावर दरड कोसळली, त्यात ते गेले. प्रतीक्षा तेव्हा बारा वर्षांची होती. आता ती मारतहळ्ळीच्या एका कंपनीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिनं आईला गावाहून आणलं आणि सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला. आईबरोबर वडिलांची गाडीही आली. पांढरी, छोटी, डिझेलवर चालणारी. एक वर्ष वापरलेली गाडी उस्तादांनी घेतली होती. ती त्यांनी दोन सुट्ट्यांपुरती चालवली.

"काका, उद्या सुट्टी मिळेल का?"

"काम सांग."

"बाबांची गाडी. उद्या साडेअकराला फिटनेस टेस्ट आहे आणि ती पिकअपच घेत नाहीये. फ्लायओव्हरवर मागचे सगळे हॉर्न मारत होते. वर काळा धूर. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला. बदलायला आठ दिवस."

"मुदत कधी संपते?"

"परवा. पुढचा स्लॉट तीन आठवड्यांनी आहे."

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते. त्याआधी गाडी तपासतात. धूर जास्त निघाला की नापास.

"वहिनी काय म्हणतात?"

"आई म्हणते बास झालं, भंगारात देऊन टाक. असं म्हणाली आणि किचनमध्ये गेली. अर्धा तास भांडी घासत होती, काका. ती सगळी आधीच घासलेली होती."

"सहा पंचेचाळीसला येतो," मी म्हणालो. "तोवर इंजिन चालू करू नको. मला थंड इंजिन पाहिजे."

मी सांगितलेल्या वेळेला पोचलो. स्कूटरच्या पुढ्यात पान्यांची गुंडाळी, टॉर्च आणि क्लॅम्पचा डबा. गाडी इमारतीच्या तळघरात उभी होती. मी त्या दोघींकडे दिवाळीला दोनदा जाऊन आलो होतो, पण या गाडीचं बॉनेट कधी उघडलं नव्हतं. गावाकडं गाडीची काळजी वहिनींचे भाऊ घ्यायचे.

वहिनी लिफ्टनं खाली आल्या. हातात चहाचा थर्मास.

"भाऊजी, आधी चहा घ्या. गाडी कुठं पळून जात नाही. तशी ती आता पळतच नाही म्हणा."

"गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं होतं का?"

"उघडलं की. वरनं बघितलं, मान हलवली आणि झाकलं. डॉक्टर करतात तसं."

मी चहा घेतला. मग प्रतीक्षाला सीटवर बसवलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं. पहिल्या झटक्यात चालू झालं. आवाज एकसारखा. धूर नाही. मी बोट वर केलं, तशी तिनं रेस दिली. मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास पुढच्या बाजूनं सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला आणि मागून काळा लोट. आमच्याकडे बघत उभा असलेला वॉचमन मंजुनाथ पळत आला.

"सर, इल्लि बेड, यहाँ नहीं. धुआँ ऊपर जाता है. सेक्रेटरी चिल्लाएगा."

"दस मिनट, अण्णा."

"सरी सर. स्वल्प जल्दी." असं म्हणून तो गेला नाही, बॉनेटमध्ये वाकून बघत राहिला.

मला बरं वाटलं. धूर काळा होता. काळा म्हणजे डिझेल पुरेसं आणि हवा कमी. टर्बो गेला असता तर तेल जळून निळा धूर आला असता, आणि मी गप्प चहा पिऊन परत आलो असतो. टर्बो हवा दाबून इंजिनात पाठवतो. वाटेत ती हवा थंड करणारी एक जाळी असते, आणि हे सगळं रबरी होजनं जोडलेलं असतं. त्यातला एखादा होज कुठंतरी सुटला होता आणि हवा तिथून बाहेर जात होती. कुठला, ते शोधायचं होतं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

इंजिन बंद केलं. टॉर्च मारला. होज आवळणाऱ्या पहिल्याच क्लॅम्पवर मला पांढरी रेघ दिसली.

बोटाच्या पेराएवढी. क्लॅम्पवरून निघून होजवरून लोखंडी नळीपर्यंत ओढलेली. दुसऱ्या क्लॅम्पवर तशीच. रेडिएटरच्या होजवर, डिझेलच्या नळीवर, ब्रेकच्या नळीवर. सगळ्या डावीकडून उजवीकडे खाली झुकलेल्या. उस्ताद डावखुरे होते.

"काय झालं काका?"

"काही नाही. मोजू दे."

एकूण पंधरा.

आता हे सिव्हिलमधल्या माणसाला सांगायला हवं. आमच्या वर्कशॉपमध्ये पद्धत होती. नट किंवा क्लॅम्प आवळला की त्यावरून खालच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची. पुढं कधी तो भाग ढिला झाला, सरकला, की रेघ तुटते. पाना लावावा लागत नाही, नुसता टॉर्च फिरवला की कळतं. दोन नियम. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची. आणि दुसऱ्यानं उघडून परत आवळलं, तर जुनी रेघ पूर्ण पुसून मगच आपली मारायची. एका जागी दोन रेघा ठेवायच्या नाहीत. पुढचा माणूस फसतो.

ही पद्धत मला हुंदरे उस्तादांनी शिकवली, आणि ती मी चूक करूनच शिकलो. मी नवा क्राफ्ट्समन होतो, म्हणजे वर्कशॉपमधला शिपाई. उंचावरचं ठाणं, पारा शून्याच्या खूप खाली. रंगाचा डबा बुखारीच्या शेगडीवर गरम करायचा. बाहेर नेला की दहा मिनिटांत तो गुळासारखा घट्ट व्हायचा. मी डोकं चालवलं. आधी सहा ट्रकच्या सगळ्या क्लॅम्पवर रेघा मारून घेतल्या, रंग पातळ आहे तोवर. म्हटलं, आवळायचं काय, नंतर आवळू. मग जेवायला गेलो. परत आलो तर उस्ताद पहिल्या ट्रकपाशी उभे. त्यांनी एका क्लॅम्पला बोट लावलं. क्लॅम्प फिरला.

"रंग कुणाचा?"

"माझा, उस्ताद."

"काम कुणाचं?"

मी पाना उचलला.

"तू बी.ए.चं करतोयस ना बाहेरून? मग पेपरात उत्तर लिहितोस का नुसता नंबर टाकून येतोस?"

त्यांनी वर रिपोर्ट केला नाही. शिव्या दिल्या नाहीत. डिझेलचं फडकं माझ्या हातात दिलं. छत्तीस रेघा मी पुसल्या, छत्तीस क्लॅम्प आवळले, छत्तीस रेघा पुन्हा मारल्या. तेवढा वेळ ते शेजारी टॉर्च धरून उभे होते. दोन्ही हातमोजे त्यांनी मला दिले होते. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. त्यातले निदान दोन पेपर तरी उस्तादांनी माझ्या जागी पहारा दिला म्हणून झाले.

तेव्हा त्या सकाळी तळघरात मला शोधायला फारसं काही नव्हतं. मी एकेका रेघेवर टॉर्च फिरवत गेलो. चौदा रेघा अखंड होत्या. पंधरावी खाली, बंपरच्या मागं, जाळीच्या तोंडाशी. वरून दिसत नाही. मान तिरकी करून बघावं लागतं. तिचा अर्धा भाग होजवर होता, अर्धा नळीवर, आणि मधे बोटभर फट. होजच्या तोंडावर तेलकट काजळी जमली होती.

"सापडलं," मी म्हणालो. "टर्बो धडधाकट आहे. पाइप निसटलाय."

वहिनी जवळ आल्या. "एवढंच?"

"एवढंच. पण जागा वाईट आहे."

माझा हात आत जाईना. चोवीस वर्षांच्या पान्यानं मनगट रुंद झालेलं. बंपर काढायचा तर दीड तास. आठ वाजायला आले होते आणि तपासणीच्या जागेपर्यंत रिंग रोडनं दीड तास धरायला हवा. मी प्रतीक्षाकडे बघितलं.

"घड्याळ काढ. बाह्या वर कर."

"मी? काका, मी लॅपटॉप सोडून काही उघडलेलं नाही."

"मी सांगतो तसं कर. काही मोडणार नाही."

होजचं सुटं तोंड वर ओढून घेतलं. कडा फाटली होती. अर्धा इंच ब्लेडनं सरळ कापून टाकली, पुढं रबर चांगलं होतं. तेल असलं की होज पुन्हा निसटतो, म्हणून आतून कोरडं पुसलं. प्रतीक्षानं हात घालून नळी पुसली. क्लॅम्प तोच ठेवला, त्याचे आटे शाबूत होते.

"होज नळीवर ढकल. नळीच्या तोंडाला एक उंच कडं लागेल हाताला."

"लागलं."

"त्याच्या पलीकडे जाऊ दे. क्लॅम्प कड्याच्या मागं बसला पाहिजे. कड्यावर नाही."

"बसला."

"खात्री?"

"काका, मला दिसत नाहीये, पण बसलाय."

"बोटानं बघ. तिथं डोळे कामाचे नाहीत."

तिनं ओठ दाबून बोट फिरवलं. "नाही. एका बाजूला कड्यावर आहे." मग तिनं तो सरकवला. आठ नंबरचा पाना तिच्या हातात दिला. घट्ट झाल्यावर अर्धा फेरा आणखी, बास. रबर दबलं पाहिजे, चिरलं नाही पाहिजे.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी काम झालं. मी मोबाइलचा कॅमेरा खाली धरून बघितलं. होज व्यवस्थित बसला होता. पण उस्तादांची रेघ आता कुठंच जुळत नव्हती. होज कापल्यामुळे त्यावरचा तुकडा गेला. क्लॅम्पवरचा तुकडा खाली फिरला. नळीवरचा जागच्या जागी. बघणाऱ्याला वाटेल, क्लॅम्प ढिला झालाय. किंवा त्याला वाटेल, पांढऱ्या रेघेला कशाला विचारायचं, ती जुनी आहे, आणि मग उरलेल्या चौदांवरही तो भरवसा ठेवणार नाही.

मी उभा राहिलो. फडकं हातात होतं.

"भाऊजी, काय राहिलं?"

मी वहिनींना पद्धत सांगितली. रेघ म्हणजे काय, ती कोण मारतं, कधी पुसायची. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, घराला चुना देताना ब्रश झटकला असंल त्यांनी. माझा भाऊ तर म्हणायचा, पुसून काढू या का, घाण दिसतंय."

"बरं झालं पुसलं नाही."

"दाखवा मला."

मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदर खोचला आणि वाकल्या. एक एक करून सगळ्या बघितल्या. एका रेघेशी थांबल्या, बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. मंजुनाथही बघत होता. त्याला काही कळत नव्हतं.

"त्यांच्या वस्तू हायत घरात," वहिनी म्हणाल्या. "युनिफॉर्म, घड्याळ, पेटी. सगळं कपाटात. त्यांच्या हातचं चालतंय असं हे एकच." त्यांनी टॉर्च खालच्या रेघेवर आणला. "ही पुसायलाच लागती?"

मी म्हणू शकलो असतो की राहू द्या. कोण बघतंय. तपासणीवाल्याला रेघांचं काही देणंघेणं नाही. पण ज्या माणसाची रेघ होती, त्यानं माझ्याकडून छत्तीस पुसून घेतल्या होत्या.

"लागते," मी म्हणालो.

"मग द्या ते फडकं इकडं."

डिझेलनं तेरा वर्षांचा रंग निघेना. प्रतीक्षा वर गेली आणि नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस घेऊन आली. वहिनींचाही हात बारीक. त्यांनी आत हात घातला, आधी नळीवरची पुसली, मग क्लॅम्पवरची. घाई केली नाही. कापूस बाहेर काढला तेव्हा त्यावर पांढरा डाग होता. तो त्यांनी टाकला नाही, घडी करून मुठीत धरला.

रेघ कुणी मारायची, हा प्रश्नच नव्हता. आवळलं होतं प्रतीक्षानं. माझ्या डब्यातला रंग वाळून खडा झाला होता, म्हणून ती नेलपॉलिशही घेऊन आली होती. डाळिंबी.

"हा चालेल? लग्नाकार्याला लावते."

"टिकतो का?"

"दहा दिवस. भांडी घासली नाहीत तर."

"इथं भांडी घासायला कोण येतंय? मार. तिन्हीवरून एका हातानं. क्लॅम्प, होज, नळी."

तिनं मारली. उजव्या हातानं, त्यामुळे ती उस्तादांच्या रेघांपेक्षा उलट्या बाजूला झुकली. जरा वाकडी आली, पण तुटक नव्हती.

इंजिन चालू केलं. अडीच हजार. आवाज नाही. मागं मंजुनाथ उभा होता, त्यानं सायलेन्सरमागं हात धरून बघितलं आणि म्हणाला, "आयतु सर. हो गया." आठ वाजून बावन्न मिनिटं.

प्रतीक्षानं गाडी चालवली, वहिनी शेजारी, मी मागं. आदल्या दिवशी जिथं हॉर्न वाजले होते, त्याच फ्लायओव्हरवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मी मागच्या काचेतून धूर येतो का बघत होतो. साडेअकराची अपॉइंटमेंट, नंबर आला बारा वीसला. तपासनीस तरुण होता. सायलेन्सरमध्ये नळी घातली, तीनदा रेस द्यायला लावली, पडद्यावरचा आकडा बघितला. मग ब्रेक, दिवे, चेसिस नंबर. बॉनेट उघडल्यावर खाली वाकला आणि विचारलं, "ये लाल क्या है?"

"निशान है, सर," प्रतीक्षा म्हणाली. "मैंने टाइट किया है."

त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला. आणखी पाच वर्षं.

परत येताना ऊन चढलं होतं. रिंग रोडला गाड्या तुंबल्या होत्या. इंजिन शांत चालत होतं. वहिनींनी मान न वळवता विचारलं.

"भाऊजी, आज त्यांचं एक माझ्या हातानं पुसलं. त्याच्या बदल्यात तुम्ही एक द्या."

"सांगा वहिनी."

"त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी? साहेबांचं पत्र आलं, त्यात तारीख हाय, जागा हाय, शौर्य हाय. हे न्हाई. तेरा वर्षं कुणाला इचारावं कळंना."

प्रतीक्षानं रेडिओ बंद केला.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतो. म्हणून मी सांगितलं. साडेपाचला उठलो. रात्री बर्फ पडला होता, सकाळी थांबला. सहा दहाला लंगरवर, म्हणजे आमच्या जेवणघरात, नाश्ता. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. उस्तादांनी चार पुऱ्या खाल्ल्या, पाचवी माझ्या ताटात टाकली. भाजीत मीठ जास्त होतं. त्यांनी लंगरवाल्याला सांगितलं, मिठाची पोती संपवायची ऑर्डर आली आहे काय?

"मीठ जास्त म्हणाले?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या भाजीला कधी बोलले न्हाईत. खारट झाली तरी."

"तुमच्या भाजीला कोण बोलेल वहिनी. तुमचं पत्र आलं की वाचून आम्हाला बेत सांगायचे."

त्या हसल्या. मी पुढं सांगितलं. सात वाजता गाड्या तपासल्या. आठ वाजता चहा, दुधाच्या पावडरीचा, दोन मग. प्रतीक्षाला गणितात पैकीच्या पैकी पडल्याचं सगळ्या युनिटला ठाऊक होतं. त्या दिवशी ते नव्या आलेल्या एका जवानाला पुन्हा सांगत होते. आठ पंचावन्नला रेडिओवर आलं, खालच्या वळणावर दोन गाड्या अडकल्या आहेत, माणसं आत आहेत, रिकव्हरीची गाडी पाठवा. उस्ताद म्हणाले, "मी जातो. तू इथला ट्रक पुरा कर, तुझा हात लागलाय." मी म्हणालो, मी येतो. ते म्हणाले, "आवळून झालं का तुझं? नाही ना? मग." नऊ वाजून पाच मिनिटांनी ते निघाले. नऊ वीसला रेडिओवर त्यांचा आवाज आला, "पोचलो. पहिल्या गाडीतली माणसं बाहेर काढली. चौघं ठीक आहेत. दुसरीकडे जातो. ओव्हर." मी सेटजवळच होतो. आवाज नेहमीसारखा होता, जरा धाप लागलेला. दुसऱ्या गाडीतलेही तिघं बाहेर आले. ते तिघं आज आपापल्या घरी आहेत. त्यातल्या एकाचा मुलगा यंदा दहावीला आहे.

नऊ चाळीसपर्यंतचं, दरड येईपर्यंतचं सगळं मी सांगितलं. पुढचं त्यांना माहीत होतं.